पंधराशे रुपये: फिल्डवर्कमधलं एक प्रकरण

जानेवारी २०२५ मधल्या तीन रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे विद्यार्थिनीने लिहून दिलेल्या कामाच्या नोंदींमध्ये, एकच मजकूर होता: ‘व्हिजिटेड क्लायंट्स हाउस. क्लायंट वॉज नॉट अ‍ॅव्हेलेबल. विल फॉलो अप.’ तारखा तेवढ्या वेगळ्या. इतकी वर्षं विद्यार्थ्यांची रेकॉर्डिंग वाचल्यावर अशा वाक्यांचा वास येतो. पोरगी वस्तीत गेलेलीच नाही, घरी बसून लिहिलंय, असा माझा ग्रह झाला. तो चुकीचा होता.

विद्यार्थिनीला इथे प्रज्ञा म्हणते, सेवार्थी बाईंना, म्हणजे जिच्यासाठी ती काम करत होती त्यांना, कांताबाई. दोन्ही नावं बदललेली आहेत, ओळख पटेल असे काही तपशीलही. संस्थेचं आणि आमच्या कॉलेजचं नाव देत नाही.

ज्यांना या अभ्यासक्रमाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्याला वर्गातल्या तासांबरोबर आठवड्याचे दोन दिवस, मिळून पंधरा तास, एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत काम करावं लागतं. त्याला पुस्तकी मराठीत क्षेत्रकार्य म्हणतात. मुलं फिल्डवर्कच म्हणतात. केलेल्या कामाचं रेकॉर्डिंग दर आठवड्याला सुपरवायझरकडे जमा करायचं आणि मग त्यावर ‘आयसी’, म्हणजे सुपरवायझर आणि विद्यार्थी असं दोघांचंच तासभर बोलणं. सगळा डोलारा या रेकॉर्डिंगवर उभा. विद्यार्थ्याने वस्तीत काय केलं हे मला दिसत नाही, त्याने काय लिहिलं ते दिसतं.

दोघी

प्रज्ञा पहिल्या वर्षाला. वय तेवीस, शाळा पालिकेची, बीए मराठी माध्यमातून. आई चेंबूरला तीन घरची कामं करते. राहायला मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, म्हणजे रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या प्रकल्पांत उठवलेल्या झोपडपट्ट्यांसाठी बांधलेल्या त्या दाटीवाटीच्या इमारतींत. तिची शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ‘प्रलंबित’ दाखवत होती आणि हातखर्च शिकवण्यांवर चालायचा. प्रवासाचे पैसे वाचतील म्हणून मी तिचं फिल्डवर्क घराजवळ लावलं, शेअर रिक्षाच्या अंतरावर, अण्णाभाऊ साठे नगरात. क्षयरुग्णांना औषधोपचार पूर्ण करायला मदत करणारी एक छोटी संस्था तिथे होती. वार बुधवार आणि शुक्रवार.

देवनार, गोवंडी, मानखुर्द हा पालिकेचा एम पूर्व विभाग. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येऊन पडतो, कत्तलखाना इथेच, आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या विभागांत शेवटचा नंबरही याचाच. समाजकार्याचे विद्यार्थी इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. बहुतेक सगळे सकाळी हार्बर लाइनने येतात आणि संध्याकाळी हार्बर लाइननेच परत जातात. प्रज्ञा परत जात नव्हती. ती तिथलीच. हे मला माहीत होतं, पण त्याचा फिल्डवर्कवर काय परिणाम होईल याचा विचार मी केला नव्हता. माझ्या डोक्यात फक्त रिक्षाचे पैसे होते.

कांताबाई जालना जिल्ह्यातल्या, वय अडतीस, नवऱ्याने टाकलेल्या. मोठा मुलगा भंगाराच्या गोदामात जातो, धाकटी मुलगी पाचवीत. चेंबूरच्या एका सोसायटीत त्या धुण्याभांड्याची कामं करायच्या. ऑक्टोबरमध्ये खोकला हटेना तेव्हा तिथल्या बाईंनी ‘बरं वाटलं की ये’ म्हणून घरी पाठवलं. बरं वाटेपर्यंत दुसरी बाई लागली होती. नोव्हेंबरमध्ये बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला. औषधांना दाद देणारा, साधा टीबी. म्हणजे सहा महिन्यांचा उपचार, पहिले दोन महिने चार औषधांच्या एकत्र गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या, रोज. मुलांचीही तपासणी झाली, दोघं ठीक निघाली. कांताबाई घरी बसून लसूण सोलायला लागल्या. गोण्या घरपोच येतात, पैसे किलोवर.

प्रज्ञाने केस घेतली तेव्हाचं तिचं पहिलं रेकॉर्डिंग आजही मी नव्या मुलांना दाखवते, इतकं ते नेटकं आहे. गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की बाईंना मळमळतं, आणि घरात सकाळी खायला काही नसतं म्हणून त्या गोळी टाळतात, हे तिने दुसऱ्याच भेटीत हेरलं होतं. दवाखान्याच्या कार्डावर याची काहीच नोंद नव्हती.

पैसे कुठे अडले होते

क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकार थेट खात्यात पैसे देतं. निक्षय पोषण योजना, २०१८ साली सुरू झाली तेव्हा महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. कांताबाईंच्या वस्तीत त्याच सुमारास आणखी एका पैशाची चर्चा होती, लाडकी बहीणच्या १,५०० रुपयांची. कांताबाईंनी दोन्हीकडे अर्ज केलेला. एकाचेही पैसे आले नव्हते.

कारण किरकोळ होतं, आणि तरी कुणाच्या हातातलं नव्हतं. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. कांताबाईंचं आधार जोडलेलं होतं ते गावाकडच्या बँकेतल्या जुन्या जनधन खात्याला. ते खातं केवायसी न केल्यामुळे बंद पडलेलं. मुंबईतल्या शाखेत गेल्या तर ‘होम ब्रँचला जा’. होम ब्रँच जालन्यात. जायचं तर तिकिटाचे पैसे, मधे दोन दिवसांचा लसूण बुडणार, आणि अंगात ताप. प्रज्ञाने दोन शुक्रवार बँकेच्या रांगेत घालवले. ‘क्लायंट फीलिंग हेल्पलेस’ असं तिने लिहिलंय. मला वाटतं तो ‘क्लायंट’ अर्धा तीच होती, कारण तिची स्वतःची शिष्यवृत्तीही अशाच एका पोर्टलवर लटकलेली होती.

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी ती घरी गेली तेव्हा खोलीभाडं थकल्यावरून घरमालक दारात उभा होता. प्रज्ञाच्या पर्समध्ये शिकवणीचे पैसे होते. तिने १,५०० रुपये काढून कांताबाईंच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, “मावशी, लाडक्या बहिणीचे आले की द्या मला. तेवढेच आहेत.”

हे मला पाच आठवड्यांनी कळलं. त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये घरमालक आहे, भाडं आहे, ‘वर्कर प्रोव्हायडेड इमोशनल सपोर्ट’ आहे. पैसे नाहीत.

अकरा दिवस

जानेवारीत कांताबाई ‘नॉट अ‍ॅव्हेलेबल’ झाल्या. त्यांना गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळायच्या आणि घ्यायला यायचा वार होता शुक्रवार, कारण दवाखान्यात टीबीचं काम पाहणारा कर्मचारी त्या दिवशी नक्की जागेवर सापडायचा. बाकीचे दिवस तो गृहभेटींना फिरतीवर. शुक्रवारी तिथेच बाकड्यावर प्रज्ञाही बसलेली असायची, रुग्णांशी बोलत. जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी कांताबाई आल्या नाहीत. सोमवारी एकदा येऊन गेल्या, तो भेटला नाही. गोळ्या संपल्या. खंड पडला अकरा दिवसांचा.

टीबीच्या नोंदींत सलग महिनाभर खंड पडला की रुग्ण उपचारातून गळाला असं धरतात. अकरा दिवस त्या मानाने कमी. पण अर्धवट उपचारातूनच औषधांना न जुमानणारा टीबी तयार होतो, आणि तो या वॉर्डाला काही नवा नाही. संस्थेच्या समन्वयक ताईंनी मला फोन केला तो यासाठी. “तुमची मुलगी येते की नाही व्हिजिटला?”

मी दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, न सांगता वस्तीत गेले. प्रज्ञाचा वार नव्हता म्हणून मुद्दाम. कांताबाईंच्या शेजारणीला विचारलं, कॉलेजची मुलगी येते का इकडे? ती म्हणाली, “येती की, दर येळंला. ती दिसली की ही दार लावून घेती, न्हायतर मागल्या गल्लीनं जाती.” का, म्हणून विचारलं तर तिने आतल्या दाराकडे बोट केलं. कांताबाई आतच होत्या, लसणाच्या ढिगापुढे. मी ओळख सांगितली. त्या उठल्या नाहीत, मानही वर केली नाही. “तिचे पैशे हायेत माझ्याकडं,” म्हणाल्या. “दिलं तर न्हाई अजून. काय तोंड दावू तिला?”

कांताबाईंनी मदत नाकारलेली नव्हती, औषधही नाकारलेलं नव्हतं. वस्तीत ज्याची उधारी असते त्याची गल्ली माणूस टाळतो, किराणावाल्याची टाळतो तशी. त्यांच्या लेखी प्रज्ञा आता संस्थेची कार्यकर्ती नव्हती, घेणेकरी म्हणून चुकवायचं असं एक माणूस होती, आणि ते माणूस दर शुक्रवारी बरोब्बर औषधाच्या खिडकीपाशी बसलेलं असायचं.

आयसी

“पैसे दिलेस?”

“हो मॅडम.”

“रेकॉर्डिंगमध्ये का नाही?”

ती थोडा वेळ माझ्या पेनकडे बघत राहिली. “त्याला कॉलम कुठंय?”

मी चिडले आणि शिकवायला लागले. केसवर्क, म्हणजे एकेका माणसासोबत करायचं काम, शिकवताना आम्ही जेझुइट धर्मगुरू फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली सात तत्त्वं पाठ करून घेतो: प्रत्येक माणूस वेगळा मानणं, भावना मोकळ्या होऊ देणं, स्वतःच्या भावनिक गुंतवणुकीवर ताबा, स्वीकार, न्यायनिवाडा न करणं, सेवार्थीचा स्वनिर्णय, गोपनीयता. त्यातलं तिसरं मी तिला ऐकवलं. गुंतायचं, पण ताबा ठेवून. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये बाजूच्या घरात काही शिजलं नसेल तर आई भांडं भरून देते. मग विचारते काय झालं. मी त्या दिवशी तेच केलं. मला वाटलंच नाही की मी फिल्डवर्कला आहे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण १९३६ साली मुंबईतच सुरू झालं, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने, जी पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मिशनरी होते, नागपाड्यात नेबरहूड हाउस हे वस्तीसाठीचं समाजकेंद्र चालवलेले. अभ्यासक्रमाचा साचाही बराचसा तिकडचा. त्या साच्यात विद्यार्थी बाहेरून येतो असं गृहीत आहे. त्याला आधी वस्तीच्या जवळ जायला शिकवायचं आणि मग फार जवळ जाऊ नको म्हणून सांगायचं. प्रज्ञासारखी मुलगी मुळात जवळच असते. तिला दूर उभं राहायला शिकवताना आम्ही नकळत काय सांगतो, तर तुझ्या आईचं भांडं चुकीचं आहे. तिने ते तसंच ऐकलं असणार. म्हणून तर लपवलं.

तरी पैसे देणं चूक होतं, असं माझं मत आजही आहे. शेजारीण भांडं देते तेव्हा उद्या तिच्याही घरी भांडं जातं. फेड होत राहते. संस्थेतून आलेल्या मुलीला कांताबाई काय परत देणार? प्रज्ञाची आई जे करते त्यात दोन्ही बाजू सारख्या असतात. इथे नव्हत्या. हे मी तिला त्या दिवशी नीट सांगू शकले नाही, नंतरच्या आयसीत सांगितलं.

दुसरी गोष्ट मी त्याच दिवशी केली. तिन्ही रेकॉर्डिंग परत दिली आणि मराठीत लिहून आण म्हटलं. आमच्याकडे मराठीत चालतं, पण मुलं लिहीत नाहीत. मोठ्या संस्थांच्या मुलाखतीत इंग्रजी रेकॉर्डिंग मागतात, म्हणून आत्तापासून सवय. आणि जेमतेम इंग्रजी असलेलं मूल ठरावीक वाक्यांचा आधार घेतं, त्या वाक्यांत काहीही मावत नाही. ‘क्लायंट वॉज नॉट अ‍ॅव्हेलेबल’च्या जागी मराठीत आलं ते हे:

“दार आतून लावलेलं होतं. मावशींची चप्पल बाहेर होती. दोनदा हाक मारली. आत कुकरची शिट्टी झाली. मी पाच मिनिटं उभी राहिले. शेजारची बाई बघत होती म्हणून मग निघाले.”

हे मला जानेवारीत वाचायला मिळालं असतं तर अकरा दिवस गेले नसते.

पैशांचं काय करायचं

यावर बराच खल झाला. आधी औषधाचं: डॉक्टरांनी तोच उपचार पुढे चालू ठेवला, राहिलेले डोस भरून काढायचे म्हणून सांगितलं, आणि समन्वयक ताईंनी गोळ्या काही आठवडे घरपोच दिल्या. ते सोपं होतं.

१,५०० रुपये अवघड. प्रज्ञा म्हणाली, सोडून देते. समन्वयक ताई म्हणाल्या, संस्थेकडे तातडीच्या मदतीचा छोटा निधी आहे, त्यातून प्रज्ञाला देऊन टाकू. (असा निधी आहे हे प्रज्ञाला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशीची ओळख चहा आणि एका माहितीपत्रकात उरकलेली. ही चूक संस्थेइतकीच माझीही; विद्यार्थी पाठवण्यापूर्वी विचारायचं काम सुपरवायझरचं.) आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, विद्यार्थ्याने सेवार्थीकडून एक रुपयाही घेता कामा नये, मग ती परतफेड का असेना. तिघांचंही बरोबर होतं आणि कुणीच कांताबाईंना विचारलं नव्हतं.

विचारलं तेव्हा त्या भडकल्या. “मी काय भीक घेतली का? उसनं घेतलं. देईन.” हप्ता त्यांनीच ठरवला, महिन्याला दोनशे. जागाही त्यांनीच: संस्थेच्या टेबलावर, ताईंच्या समोर, वहीत लिहून. प्रज्ञाच्या हातात नाही. मी त्याला होकार दिला. स्वनिर्णय हे तत्त्व सातांतलं सहावं, आणि परीक्षेत ते सगळ्यांना येतं. सहकाऱ्यांना माझा निर्णय पटला नाही. त्यांचा एक मुद्दा खरा आहे: महिन्याला दोनशे म्हणजे बाईंच्या पोषणातूनच जाणार. मी तरीही सोडून द्यायला सांगितलं नाही, कारण सोडून दिलं असतं तर कांताबाई त्या गल्लीने पुन्हा कधी आल्या नसत्या असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या हप्त्याच्या दिवशी त्या दवाखान्यात शुक्रवारी आल्या. दोनशे रुपये टेबलावर ठेवले आणि मग बाकड्यावर प्रज्ञाशेजारी बसल्या. तिच्या मराठी रेकॉर्डिंगमध्ये एवढंच आहे: “मावशी बसल्या. मुलीच्या शाळेबद्दल बोलल्या.”

बँकेचा गुंता सुटला तो पोस्टात. गावचं खातं नादी न लागण्यासारखंच होतं, म्हणून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत नवं खातं काढून आधार त्याला जोडायचं ठरलं. तिथेही अंगठा उमटेना. लसूण सोलून सोलून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्राने चार वेळा नाकारलं. पोस्टातल्या माणसाने ओलं फडकं आणलं, एकेक बोट करून बघितलं, डाव्या हाताची करंगळीशेजारची जुळली. मार्चमध्ये पोषणाचे ३,००० रुपये एकदम जमा झाले. लाडकी बहीणचं मात्र केस बंद होईपर्यंत काही झालं नाही.

मार्चअखेर फिल्डवर्क संपलं तेव्हा गुण द्यायची वेळ आली. नोंद लपवली म्हणून मी प्रज्ञाचे गुण कापले. पैसे दिले म्हणून नाही. रेकॉर्डिंगचा फॉर्म यंदा बदलून घेतला आहे. ‘देवाणघेवाण’ असा एक रकाना घातला, त्यात चहा घेतला तोही लिहायचा. पहिल्याच महिन्यात एका मुलाने लिहिलं, ‘सेवार्थींच्या घरी पुरणपोळी खाल्ली, दोन.’ असू दे.

प्रज्ञाने केस बंद करतानाचा अहवाल रीतसर लिहिला: उद्दिष्टं, प्रगती, पुढची जबाबदारी कोणाकडे, नातं संपवताना सेवार्थीची भावनिक तयारी. तेव्हा ४०० रुपये फिटले होते, ११०० बाकी. बाकीचं ताईंच्या वहीत राहणार, असं ठरलं.

मे महिन्यात तिचा फोन आला. मानखुर्द स्टेशनबाहेर भाजी घेताना कांताबाई भेटल्या होत्या. उपचार पूर्ण झालेला, तब्येत भरलेली, सोसायटीत नवं काम लागलेलं. त्यांनी तिथेच कमरेची पिशवी सोडून पाचशेची नोट तिच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, ताईंकडे जायला सवड होत नाही, तूच घे.

“घेतलेस?”

“घेतले. मॅडम, हे लिहू कुठे? फाइल तर तुमच्याकडे जमा आहे.”